मराठी आकाशनिरीक्षणाचे द्वैमासिक दुकानांत ठेवताना येणाऱ्या अडचणी

ध्रुवमत्स्य

गेली सात वर्षे आम्ही चौघे मित्र हौशी आकाशनिरीक्षकांसाठी एक मराठी द्वैमासिक काढत आहोत. चौसष्ट पाने, किंमत ८० रुपये आणि दर अंकाच्या बाराशे प्रती असे त्याचे स्वरूप आहे. त्यांपैकी सुमारे साडेसहाशे प्रती वर्गणीदारांना टपालाने जातात, दोनशेच्या आसपास प्रती आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत विकल्या किंवा भेट दिल्या जातात, आणि उरलेल्या साडेतीनशे प्रती पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, सांगली व कोल्हापूर येथील दुकानांसाठी वितरकाकडे सोपवल्या जातात. हा धागा या साडेतीनशे प्रतींविषयी आहे. त्यांतल्या दोनशेहून अधिक प्रती दर खेपेस परत येतात, आणि त्या का परत येतात हे आम्हांला आता कुठे नीट उमगू लागले आहे.

पहिली अडचण ऋतूची आहे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी झाकलेले असते, त्यामुळे निरीक्षणाचा खरा हंगाम कोजागरीच्या सुमारास सुरू होतो. मृग, रोहिणी, कृत्तिका संध्याकाळनंतर पूर्वेला वर येऊ लागतात, हवा स्वच्छ होते, आणि ज्याने कधीही दुर्बिणीला डोळा लावलेला नाही अशा माणसालाही गच्चीवर जावेसे वाटते. नवा वाचक मिळण्याचा हाच काळ असतो. परंतु नेमक्या याच काळात दुकानाची दर्शनी फळी दिवाळी अंकांनी भरून जाते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा मला मनापासून प्रिय आहे आणि दिवाळी अंकांविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र त्यांच्या जोडीला नव्या वर्षाची कॅलेंडरे आणि पंचांगेही येऊन पडतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबर उजाडेपर्यंत आमच्यासारख्या नियतकालिकाला वीतभर जागा मिळणेही कठीण होऊन बसते.

याचा सर्वांत मोठा फटका आम्हांला २०२४ साली बसला. त्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसणार होता, आणि १२ तारखेला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता. आम्ही अंक मुद्दाम आठवडाभर आधी छापून घेतला, मुखपृष्ठावर धूमकेतू घेतला, आत कोणत्या दिवशी क्षितिजापासून किती उंचीवर पाहावे याचे नकाशे दिले आणि नेहमीपेक्षा शंभर प्रती जास्त काढल्या. २० तारखेला मी स्वतः पुण्यातल्या एका दुकानात गेलो, तेव्हा आमच्या अंकांचा गठ्ठा सुतळीसुद्धा न सोडता गल्ल्याखाली ठेवलेला आढळला. दुकानदारांनी प्रामाणिकपणे सांगितले की दिवाळी अंकांची आवक सुरू झाल्यापासून त्यांना हा गठ्ठा उघडायला सवड झाली नव्हती. तोवर धूमकेतू दिवसागणिक मंद होत चालला होता. पुढच्या आठवड्यात तो गठ्ठा उघडूनही काही उपयोग नव्हता, कारण त्यातले निम्मे नकाशे कालबाह्य झाले होते.

दुसरी अडचण फळीची आहे, आणि ती आम्हांला अधिक खोलवर लागते. दुकानात आमचा अंक बहुतेक वेळा राशिभविष्याच्या मासिकांशेजारी ठेवला जातो. मुखपृष्ठावर तारे आहेत, शीर्षकात नक्षत्रवाचक शब्द आहे, तेव्हा ठेवणाऱ्या माणसाने असा समज करून घेतला तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय आपल्या भाषेतच ज्योतिष, ज्योतिःशास्त्र, ज्योतिर्विद्या आणि फलज्योतिष हे शब्द इतके जवळजवळ नांदत आले आहेत की गोंधळ होणे स्वाभाविक आहे. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे नाव प्रथमच ऐकणाऱ्याला ती हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे हे कित्येकदा समजावून सांगावे लागते. परिणाम असा होतो की भविष्य पाहू इच्छिणारा ग्राहक आमचा अंक चाळून निराश होऊन परत ठेवतो, आणि ज्याला तो हवा असतो तो ग्राहक त्या फळीकडे फिरकतच नाही.

तिसरी अडचण हिशोबाची. वितरकाला आम्ही ४५ टक्के सूट देतो, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे आमच्या हाती ४४ रुपये येतात. एका प्रतीचा निर्मितीखर्च सरासरी ३८ रुपये आहे. दुकानांसाठी शंभर प्रती पाठवल्या तर छपाईचे ३,८०० आणि वाहतुकीचे सुमारे ३५० असे ४,१५० रुपये खर्च होतात. शंभरांतल्या साधारण ३८ प्रती विकल्या जातात आणि त्यांचे १,६७२ रुपये येतात. तोटा भरून काढायचा असेल तर शंभरांतल्या ९५ प्रती विकल्या जायला हव्यात, आणि असे घडलेले मी तरी ऐकलेले नाही.

इतके असूनही दुकाने सोडून द्यावीत असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण वैयक्तिक आहे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी शाळेत होतो. सांगलीच्या एस.टी. स्थानकावरच्या स्टॉलवर दोरीला लटकवलेली एक पातळशी पुस्तिका मला दिसली, वडिलांनी ती घेऊन दिली, आणि त्या पुस्तिकेमुळे मी आज इथे आहे. मी ती शोधायला गेलो नव्हतो, कारण असे काही छापले जाते हेच मला ठाऊक नव्हते. वर्गणीदार व्हायला आधी नियतकालिकाचे नाव तरी माहीत असावे लागते. ते अजून ज्याच्या कानावर गेलेले नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दुकानासारखी दुसरी जागा मला अद्याप सापडलेली नाही.

छंदविषयक नियतकालिके काढणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी आपला अनुभव येथे मांडावा अशी विनंती आहे. विशेषतः किती प्रती, कोणत्या दुकानांत आणि कोणत्या अटींवर ठेवाव्यात, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पुस्तकपेठ

मी अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकाच्या दुकानात बावीस वर्षे काम केले. आपण दुकानाच्या बाहेरून पाहिलेली परिस्थिती फार नेमकी मांडली आहे. मी तीच आतून कशी दिसते ते सांगतो.

दुकानदाराच्या दृष्टीने ८० रुपयांच्या अंकावर त्याला साधारण पंचवीस टक्के, म्हणजे २० रुपये सुटतात. त्या वीस रुपयांसाठी त्याला गठ्ठा उतरवून घ्यावा लागतो, प्रती मोजाव्या लागतात, वहीत नोंद करावी लागते, दोन महिने जागा द्यावी लागते, नंतर उरलेल्या प्रती शोधून, बांधून परत कराव्या लागतात आणि शेवटी वितरकाच्या माणसाबरोबर हिशोब करावा लागतो. पाचशे रुपयांच्या पुस्तकालाही एवढेच श्रम पडतात, आणि पुस्तक विकले गेले नाही तरी ते पुढच्या वर्षीही फळीवर उभे राहू शकते. नियतकालिकाला मात्र तारीख असते. जून-जुलैत आमच्या चौकात पाठ्यपुस्तकांच्या गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नसते आणि दिवाळीच्या आधी दिवाळी अंकांमुळे नसते. वर्षातले चार-पाच महिने दुकानदाराचे लक्ष दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही, हे गृहीत धरूनच आपण योजना आखली पाहिजे.

माझा पहिला सल्ला असा की एका दुकानात दहा प्रती ठेवण्याचा आग्रह सोडावा आणि तीनच प्रती द्याव्यात. दहांपैकी चार विकल्या गेल्या तर दुकानदाराच्या मनात ‘सहा परत गेल्या’ एवढेच राहते. तीनपैकी तीन विकल्या गेल्या तर तो स्वतःहून म्हणतो, ‘तुमचा अंक संपला, अजून आहेत का?’ खप जवळजवळ तेवढाच असतो, पण दुकानदाराच्या मनातली अंकाची जागा पूर्णपणे बदलते.

दुसरी गोष्ट, दुकानाच्या मालकाशी बोलून भागत नाही. गल्ल्यापासून दूर, फळ्यांमध्ये उभा असलेला जो मुलगा ग्राहकाला ‘काय हवंय?’ असे विचारतो, त्याला हा अंक कशाचा आहे हे ठाऊक असले पाहिजे. माझ्या कारकिर्दीत बुद्धिबळाचे एक छोटे मासिक आमच्याकडे येत असे. त्याचे संपादक दर महिन्याला स्वतः येत, आम्हां तिघा-चौघांशी पाच मिनिटे बोलत आणि अंकातला एखादा डाव तोंडी समजावून सांगत. आम्हांला बुद्धिबळ फारसे येत नव्हते, तरीही शाळकरी मुलगा घेऊन आलेल्या पालकांना आम्ही तो अंक आवर्जून दाखवत असू. ते संपादक यायचे थांबले आणि सहा महिन्यांत आमच्याकडचा त्याचा खप थांबला.

राशिभविष्याच्या फळीबाबत एक साधा उपाय आहे. मुखपृष्ठावर दुर्बीण किंवा दुर्बिणीजवळ उभा असलेला माणूस दिसला पाहिजे. ठेवणारा माणूस शीर्षक वाचत नाही, तो चित्र पाहून जागा ठरवतो.

छपाईघर

आपल्या हिशोबात एक दुरुस्ती सुचवतो. मी मुद्रणव्यवसायात आहे आणि दोन-तीन छोट्या नियतकालिकांचे काम करतो.

३८ रुपये ही सरासरी किंमत आहे. तिच्यात अक्षरजुळणी, मांडणी, प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च धरलेला आहे, आणि हा खर्च आपण साडेआठशे प्रती काढल्या काय किंवा बाराशे काढल्या काय, बदलत नाही. दुकानांसाठीच्या प्रती या त्यावरच्या जादा प्रती आहेत. त्यांच्यावर फक्त कागद, शाई आणि बांधणी एवढाच खर्च चढतो, आणि आपण सांगितलेल्या स्वरूपाच्या अंकासाठी तो मी प्रतीमागे २२ रुपयांच्या आसपास धरीन. त्यानुसार शंभर प्रतींचा खर्च २,२०० अधिक ३५० म्हणजे २,५५० रुपये होतो, आणि तोटा टाळायला ५८ प्रती विकल्या जाव्या लागतात. सध्या ३८ जातात, म्हणजे शंभर प्रतींमागे खरा तोटा ८७८ रुपये आहे. या ८७८ रुपयांकडे दुकानातल्या जाहिरातीचा खर्च म्हणून पाहिले, तर त्यातून किती वर्गणीदार मिळतात हा प्रश्न उरतो. तो आकडा आपल्याकडे आहे का?

आणखी एक गोष्ट परत आलेल्या प्रती पाहून सांगता येते. खगोलविषयक अंकाचे मुखपृष्ठ जवळजवळ नेहमी काळे असते. काळ्या रंगावर, त्यातही मॅट लॅमिनेशन (चमक नसलेला प्लास्टिकचा पातळ थर) असेल तर, बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि कडा घासल्या की पांढऱ्या रेघा दिसू लागतात. दुकानात महिनाभर हाताळलेली आणि गठ्ठ्यातून दोनदा प्रवास केलेली अशी प्रत पुन्हा कुणाला देता येत नाही. फिकट मुखपृष्ठाचा अंक परत आला तर पुष्कळदा पुढच्या कार्यक्रमात विकता येतो. कणा असलेली बांधणी करत असाल तर कण्यावर नाव आणि अंकाचा क्रमांक अवश्य छापा, कारण पंधरा दिवसांनंतर दुकानात आपला अंक समोरून दिसत नाही, फक्त कणा दिसतो. स्टॉलवर अंक एकमेकांवर चढवून लावलेले असतात. तिथे डावीकडची आणि वरची पट्टी एवढीच जागा आपली असते, म्हणून नाव खाली किंवा मध्यभागी घेऊ नये.

ध्रुवमत्स्य

आपली दुरुस्ती मान्य आहे, आणि ती आमच्या लक्षात सात वर्षे कशी आली नाही याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. प्रत्येक अंकात आम्ही वर्गणीचा अर्ज छापतो आणि दुकानांत जाणाऱ्या प्रतींतील अर्जावर एक वेगळी खूण असते. त्यावरून दिसते की दुकानांत विकल्या गेलेल्या ३८ प्रतींमागे सरासरी तीन नवे वर्गणीदार मिळतात. म्हणजे एका वर्गणीदारामागे सुमारे २९३ रुपये खर्च होतात. वार्षिक वर्गणी ४५० रुपये आहे. सहा अंकांचे प्रत्येकी २२ रुपये निर्मितीचे आणि साधारण २० रुपये वेष्टन व टपालाचे वजा केले तर वर्षाला १९८ रुपये उरतात. तेव्हा वर्गणीदार दुसऱ्या वर्षीही टिकला तर दुकानातला तोटा भरून निघतो. आमचे बहुसंख्य वर्गणीदार टिकतात. हा हिशोब असा मांडल्यावर माझ्या मनावरचे बरेच ओझे हलके झाले.

वाटप_विभाग

मी अनेक वर्षे एका वितरण संस्थेत काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. वितरकाची बाजू येथे कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

४५ टक्क्यांतले पंचवीस ते तीस टक्के दुकानाला जातात. उरलेल्यात गोदाम, गठ्ठे बांधणारी माणसे, टेम्पो, एस.टी.चे पार्सल, परतीची वाहतूक आणि बुडीत रक्कम हे सगळे बसवायचे असते. साडेतीनशे प्रतींचे नियतकालिक वितरक नफ्यासाठी घेत नाही. संपादकांशी जुना संबंध असतो किंवा विषयाविषयी आदर असतो म्हणून तो ते घेतो. त्यामुळे टेम्पोत जागा कमी पडली की सर्वांत आधी असाच गठ्ठा मागे राहतो. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु ते तसे घडते, आणि ज्यांच्या अंकाला तारखेचे महत्त्व आहे त्यांनी ते जाणून असले पाहिजे.

पैशांच्या चक्राविषयीही सांगितले पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीचा अंक मार्च-एप्रिलचा अंक पोहोचल्यावर परत येतो, त्याची मोजणी आणखी काही आठवड्यांनी होते, आणि हिशोब पुढच्या बिलात वळता होतो. द्वैमासिकाच्या बाबतीत छपाईचे पैसे दिल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात. तोवर आपण आणखी दोन-तीन अंक छापलेले असतात. माझ्या डोळ्यांसमोर काही चांगली नियतकालिके खप असूनही या अंतरामुळे बंद पडली. तेव्हा दुकानांच्या विक्रीचे पैसे चालू खर्चासाठी कधीही धरू नयेत, वर्गणीच्या पैशांत अंक निघालाच पाहिजे.

परतीच्या प्रती सगळ्या मागवण्याचा हट्ट धरू नका. कोल्हापूरहून आठ प्रती परत आणण्याचे पार्सल भाडे त्या प्रतींच्या कागदाच्या किमतीहून जास्त होते. काही नियतकालिके फक्त मुखपृष्ठे फाडून परत घेतात आणि बाकी अंक तिथेच रद्दीत जातो. आपला अंक रद्दीत जावा ही कल्पना संपादकाला सहन होत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अशा वेळी दुकानदाराला त्या प्रती जवळच्या शाळेला किंवा वाचनालयाला देण्याची विनंती करावी आणि पोचपावतीवर हिशोब मिटवावा.

मोठ्या साखळी दुकानांविषयी आपण काही लिहिले नाही. तिथे बारकोडशिवाय अंक आत जात नाही. नियतकालिकाला आयएसएसएन हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक घेतला की ९७७ या आकड्यांनी सुरू होणारा बारकोड त्याच्यावरून तयार करता येतो. हा क्रमांक भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयाकडून विनाशुल्क मिळतो. नियतकालिकांवर वस्तू व सेवा कर शून्य आहे, त्यामुळे त्या बाजूने दुकानाला अडचण येत नाही. मात्र त्याच कारणाने छपाईवर आपण भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवावे.

लाल_टॉर्च

मी आपला वर्गणीदार आहे. दुकानांत इतकी शक्ती घालवण्यापेक्षा अंक मासिक करून टपालावर भर द्यावा असे मला वाटते. नोंदणीकृत नियतकालिकांना टपालदरात मोठी सवलत मिळते ना?

ध्रुवमत्स्य

सवलत मोठी आहे हे खरे, परंतु ती आम्हांला लागू होत नाही. १८९८च्या टपाल कायद्यानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राच्या दराने अंक पाठवायचा तर दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांहून अधिक असता कामा नये आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी, अशा अटी होत्या. द्वैमासिक आणि त्रैमासिक यांना त्या दाराने प्रवेशच नव्हता. तो कायदा २०२४च्या जूनमध्ये जाऊन नवा कायदा आला. त्यानंतर मे २०२५मध्ये टपाल खात्याने शैक्षणिक पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले, तेव्हा आम्ही मोठ्या आशेने चौकशी केली. पण ठरावीक अंतराने निघणारी प्रकाशने त्यातून वगळलेली आहेत असे समजले.

मासिक करण्याचा विचार आम्ही दोनदा केला आहे. तसे केले तर टपालखर्च खूप कमी होईल, पण चौसष्ट पानांचा अंक बत्तीस पानांवर येईल. बत्तीस पानांच्या अंकाला कणा राहत नाही, फक्त पिना मारता येतात, आणि छपाईघर यांनी सांगितल्याप्रमाणे असा अंक दुकानाच्या फळीवर पंधरा दिवसांत दिसेनासा होतो. टपालाला जे स्वरूप मानवते ते दुकानाला मानवत नाही. शिवाय आम्ही चौघेही नोकरी सांभाळून हे काम करतो. दर महिन्याला अंक काढण्याचा शब्द देऊन तो मोडण्यापेक्षा दोन महिन्यांनी वेळेवर येणे आम्हांला जास्त मोलाचे वाटते.

ग्रंथपाल_कोकण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. फळीच्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. ड्यूई दशांश वर्गीकरणात खगोलशास्त्राला ५२० आणि फलज्योतिषाला १३३.५ हा क्रमांक आहे, म्हणजे दोन्ही विषय ग्रंथालयाच्या दोन टोकांना असायला हवेत. प्रत्यक्षात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, जो प्रामुख्याने आपल्याकडील खगोलगणिताच्या परंपरेचा अभ्यास आहे, तो मला रुजू झाल्यावर कुंडलीच्या पुस्तकांत सापडला. मी त्याची जागा बदलली. दोन वर्षांत तो पूर्वीपेक्षा अधिक वेळा घरी नेला गेला, आणि नेणारे वाचकही निराळे होते. योग्य शेजार मिळाला की पुस्तकाला त्याचा वाचक सापडतो, याची मला तेव्हा खात्री पटली.

म्हणून दुकानदारांना ‘राशिभविष्याजवळ ठेवू नका’ असे सांगण्याऐवजी ‘छायाचित्रण, गिरिभ्रमण आणि पक्षिनिरीक्षण यांच्या पुस्तकांजवळ ठेवा’ असे सांगून पाहावे. कुठे ठेवू नये हे सांगितल्याने कुठे ठेवावे हे ठरत नाही.

ग्रंथालयांचाही विचार करावा. आमच्याकडे एक प्रत महिन्याभरात पंधरा-वीस हातांतून जाते. आम्ही वर्गण्या अनुदानाचा हप्ता जमा झाल्यावर भरतो, त्यामुळे आमच्याकडून पैसे उशिरा येतील, पण येतील. एक सूचना अशी की अंकातला तारखांवर अवलंबून असलेला भाग सुटा करावा.

मडगावकर

गोव्यात मला हा अंक दुकानात कधीच मिळाला नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याला नातेवाइकांकडे गेलो असता तो प्रथम पाहिला आणि वर्गणी भरली. मडगाव आणि पणजीला मराठी पुस्तके ठेवणारी दुकाने आहेत आणि तिथे मराठी नियतकालिकांचा वाचकही आहे. वितरकाच्या टेम्पोची वाट पाहण्यापेक्षा आपण मला सहा प्रती वर्गणीच्या अंकाबरोबर एकाच पार्सलातून पाठवाव्यात. मी त्या दोन दुकानांत स्वतः ठेवीन आणि हिशोबही ठेवीन. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून नोव्हेंबरच्या अंकापासून सुरुवात करावी असे सुचवतो.

पुस्तकपेठ

मडगावकर यांनी मांडलेली पद्धत हीच अशा नियतकालिकांची जुनी पद्धत आहे. ज्या गावात चांगला वर्गणीदार आहे, त्या गावात तोच आपला विक्रेता प्रतिनिधी असे. दुकानदारालाही ओळखीचा माणूस समोर असल्याने विश्वास वाटतो. सहा प्रतींचा हिशोब बोटांवर होतो आणि पैसे त्याच दिवशी मिळतात.

ग्रंथपालांच्या सूचनेला एक जोड देतो. तारखेचा भाग सुटा केल्यावर जो अंक उरेल, त्यातले निवडक लेख विषयवार एकत्र करून, उदाहरणार्थ पहिली दुर्बीण कशी निवडावी, असे एखादे शंभर पानांचे पुस्तक आयएसबीएनसह काढावे. पुस्तक म्हटले की दुकानदार त्याला वर्षभर ठेवतो. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर द्वैमासिकाची माहिती द्यावी. दिवाळीच्या दिवसांत अंकाला जागा नसली तरी पुस्तक आतल्या फळीवर सुरक्षित राहते.

ध्रुवमत्स्य

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघे बसलो आणि काही निर्णय घेतले.

दुकानांसाठीच्या प्रती साडेतीनशेवरून दीडशेवर आणत आहोत. एका दुकानाला तीन, फार तर चार प्रती मिळतील. पुणे आणि मुंबईतील पंचवीस दुकाने आम्ही चौघांनी आपसांत वाटून घेतली आहेत आणि दर अंकाच्या वेळी तिथे स्वतः जाणार आहोत. बाकीच्या गावांसाठी जुन्या वर्गणीदारांना विनंती करत आहोत, आणि मडगावकर यांना पहिले पार्सल नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंकाचे जाईल. वितरकाशी असलेला संबंध तोडणार नाही, पण त्यांच्याकडे फक्त नाशिक आणि ठाण्याच्या प्रती राहतील. त्यांनाही ते सोयीचे वाटले.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा अंक दुकानांत पाठवायचाच नाही असे ठरले. हा निर्णय जड गेला. त्या प्रती आम्ही कार्यक्रमांसाठी राखून ठेवू, कारण वांगणीसारख्या ठिकाणी अमावास्येच्या सुमारास आकाशदर्शनाला जमणारी मंडळी पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच बाहेर पडलेली असतात आणि अंक हातात पडताच त्याच रात्री त्याचा उपयोग करतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेत आणि नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यासाठी मात्र जानेवारी-फेब्रुवारीचा अंक आसपासच्या दुकानांत जास्त संख्येने ठेवून पाहणार आहोत. नारायणगावच्या एस.टी. स्थानकाजवळच्या स्टॉलवर अंक ठेवण्याची कल्पना आमच्यापैकी एकाला सुचली आणि ती मला फार आवडली. २ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहणाचा योग आहे. तो ऐन पावसाळ्यात असल्याने दुकानांसाठी वेगळ्या प्रती काढण्याचा मोह आम्ही आवरणार आहोत.

दोन महिन्यांचे आकाशनकाशे यापुढे चार पानी सुट्या घडीपत्रकावर छापून अंकात घालू. अंक उशिरा विकला गेला तर दुकानात जाणारा आमचा माणूस जुने पत्रक काढून नवे घालील.

मुखपृष्ठाचा प्रश्न अनपेक्षित रीतीने सुटला. रात्री लाल टॉर्चच्या उजेडात वाचायचे नकाशे आम्ही नेहमी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे तारे अशा पद्धतीने छापतो, कारण मंद उजेडात तेच नीट वाचता येतात आणि त्यांच्यावर पेन्सिलीने खुणाही करता येतात. पुढच्या अंकाचे मुखपृष्ठ तसेच करत आहोत. पांढऱ्या कागदावर काळ्या ठिपक्यांचे मृग नक्षत्र, खाली उजव्या कोपऱ्यात दुर्बिणीजवळ वाकलेली एक मुलगी, आणि नाव वर डावीकडे. छपाईघर यांना विचारायचे आहे की अशा मुखपृष्ठाला लॅमिनेशन कोणते करावे. पांढऱ्यावर धूळ बसली तर ती पुसता यायला हवी.

छपाईघर

ग्लॉस, म्हणजे चकचकीत, करा. ओल्या फडक्याने पुसता येते. कण्यावरचा अंकक्रमांक मात्र विसरू नका.